नोकरी सोडून व्यावसायिक वैमानिक व्हायचे आहे : कोणती पायरी आधी, कोणती नंतर?

मांडवीकाठ

सर्वांना नमस्कार. माझे वय ३२ वर्षे आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कंपनीत मी गुणवत्ता विभागात काम करतो. रसायनशास्त्रातील पदवी आहे आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे दोन्ही विषय होते. पत्नी शिक्षिका आहे, मुलगी बालवाडीत जाते आणि फोंडा तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर व थोडी बागायत आहे. व्यावसायिक वैमानिक होण्याचा विचार महाविद्यालयात असल्यापासूनचा. त्या वेळी घरची परिस्थिती नव्हती, आता थोडी बचत आहे आणि पत्नीची संमतीही आहे.

हे वय उशिराचे आहे का, यावर इथे पूर्वी चर्चा झालेली आहे. व्यावसायिक प्रवासी विमान वयाच्या ६५ वर्षांपर्यंत चालवता येते हे मला माहीत आहे, त्यामुळे तो प्रश्न मी बाजूला ठेवतो. मला विचारायचे आहे ते क्रमाविषयी. वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, कर्ज, राजीनामा आणि प्रशिक्षण संस्थेतील प्रवेश यांपैकी काय आधी आणि काय नंतर केले असता कमीत कमी पैसे अडकून पडतात? एका प्रशिक्षण संस्थेच्या समुपदेशकाने मला जूनच्या तुकडीत जागा देऊ केली आहे, परंतु त्यासाठी या महिनाअखेरीस मोठी आगाऊ रक्कम भरावी, असा त्यांचा आग्रह आहे. जून गाठायचा तर एप्रिलमध्येच राजीनामा द्यावा लागेल. अनुभवी सदस्यांनी कृपया मत द्यावे.

उजवी खुर्ची

मी मूळचा वास्कोचा, सध्या एअरबस ए३२० वर सहवैमानिक आहे. आगाऊ रक्कम भरू नका, निदान वैद्यकीय तपासणी होईपर्यंत तरी नाहीच नाही.

पहिली पायरी वर्ग २ ची वैद्यकीय तपासणी. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, यांच्या यादीतील डॉक्टरांकडे ती होते. त्यानंतर वर्ग १, आणि व्यावसायिक परवान्याला हाच वर्ग लागतो. पहिली वर्ग १ तपासणी ठरावीक केंद्रांवरच होते. गोव्यातील उमेदवारांना बेंगळुरूचे हवाई दलाचे वैमानिकी वैद्यक संस्थान सोयीचे पडते. रक्त, लघवी, हृदयालेख, श्रवण, नाक-कान-घसा, डोळे आणि रंगदृष्टी असे सगळे तपासले जाते. चष्मा असल्याने कोणी बाद होत नाही, मात्र चष्म्यासह दृष्टी ठरावीक पातळीला यावी लागते. खरी अडचण होते ती ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा मिळालेल्यांची, कारण त्यानंतरच्या फेरतपासणीला महिनोन्महिने जातात आणि तोवर तुमचे शुल्क संस्थेच्या खात्यात जमा झालेले असते. बत्तिसाव्या वर्षी रक्तदाब किंवा साखर किंचित वर असणे ही नवलाची गोष्ट नाही, म्हणून या तपासणीचा निकाल हाती येण्याआधी घेतलेला कोणताही आर्थिक निर्णय मला जुगारासारखा वाटतो.

दुसरी पायरी लेखी परीक्षा, आणि ती नोकरीत असतानाच उरकता येते. डीजीसीएचा संगणक क्रमांक, म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, घेण्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि मंडळाकडून त्यांची पडताळणी लागते; गोवा मंडळाचे कार्यालय पर्वरीलाच असल्यामुळे तुम्हाला हे काम एका फेरीत सुरू करता येईल. हवाई नौकानयन, विमान हवामानशास्त्र, हवाई नियम, सर्वसाधारण तांत्रिक आणि विशिष्ट विमानाचा तांत्रिक असे विषय असतात आणि उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात. शिवाय रेडिओ संभाषणाचा परवाना, म्हणजे आरटीआर, वेगळा काढावा लागतो; पूर्वी तो दूरसंचार विभागाकडे होता, भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाल्यावर डीजीसीएकडे आला.

नौकानयन आणि हवामानशास्त्र हे दोन विषय आधी द्या. ते सुटले की आपल्याला हा अभ्यास झेपतो की नाही याचा अंदाज पुस्तकांच्या आणि परीक्षा शुल्काच्या खर्चात येतो, आणि नाहीच झेपला तर वेर्ण्याची नोकरी जागेवरच असते.

तारवटी

मी व्यापारी जहाजावर नौकानयन अधिकारी आहे, त्यामुळे वैमानिकीवर अधिकाराने बोलणार नाही, पण आमच्याबरोबरचा एक अधिकारी जहाज सोडून विमानाकडे गेला, त्याची पुस्तके मी चाळली आहेत. होकायंत्राचा चुंबकीय फरक, बृहद्वृत्त, वाऱ्यामुळे होणारे अपवहन, जागतिक प्रमाणवेळ, समदाब रेषांचे नकाशे हे सगळे आम्हाला ओळखीचे असते. गोव्यातून इतकी माणसे जहाजावर जातात, त्यांच्यापैकी कोणाला क्षेत्र बदलायचे असेल तर लेखी परीक्षेचा अर्धा डोंगर त्यांनी आधीच चढलेला असतो, ही गोष्ट फारशी कोणी बोलत नाही.

माझी शंका वेगळी आहे. जूनच्या तुकडीत प्रवेश घेऊन पावसात उडणार कसे? आम्ही जहाजावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना वचकून असतो, आणि इथे तर दोन माणसांच्या चिमुकल्या विमानाचा प्रश्न आहे.

घाटमाथा

तारवटी यांनी नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवले आहे. मी कळंगुटच्या एका हॉटेलात लेखापाल होते. सध्या कर्नाटकातील एका संस्थेत प्रशिक्षण घेत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

परवान्यासाठी एकूण २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून उडवलेले असावे लागतात. एक लांबचे उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचे असते आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरावे लागते. रात्रीचे ५ तास आणि त्यात १० उड्डाणे व १० अवतरणे, शिवाय उपकरणांवर विसंबून उडण्याचे तास वेगळे. कागदावर हे सगळे वर्षभरात बसते. प्रत्यक्षात दीड ते दोन वर्षे धरून चालावे, आणि ही वाढ कशामुळे होते ते समजून घेतले तरच संस्थेची निवड नीट करता येते.

पहिले कारण हवामान. नवशिका विद्यार्थी दृश्य नियमांनुसार उडतो, म्हणजे ढगांपासून ठरावीक अंतर आणि पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. सेस्ना १५२ किंवा १७२ सारख्या विमानाला आडव्या वाऱ्याची मर्यादा असते आणि एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याला संस्था त्याहूनही कमी मर्यादा घालून देते. सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा त्याच्या जवळ असलेल्या धावपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठवडाभर चाक न हलण्याचे प्रसंग येतात. त्या काळात वसतिगृहाचे आणि खाणावळीचे पैसे मात्र चालूच राहतात. पर्जन्यछायेत, म्हणजे बारामतीसारख्या भागात, स्थिती बरी असते. गोंदियाला पाऊस आहे आणि हिवाळ्यात सकाळी धुकेही आहे. दोष कुठल्याच ठिकाणाचा नाही, आपण कोणत्या महिन्यात जाऊन पोचतो यावर बरेच अवलंबून असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उड्डाण सुरू करणाऱ्याला पुढचा पाऊस येईपर्यंत सलग आठ महिने कोरडे मिळतात, आणि आपल्या हाताला वळण लागण्याच्या दिवसांत खंड पडत नाही. जूनमध्ये जागा सहज मिळते त्यामागे हेच कारण असावे, असे मला वाटते.

दुसरे कारण विमाने आणि प्रशिक्षक. माहितीपत्रकात पंधरा विमाने दाखवलेली असतात. त्यांतली आज उडण्यायोग्य किती, हे विचारा. शंभर तासांच्या देखभालीसाठी विमान उभे राहते, एखादा सुटा भाग परदेशातून यायचा असतो, आणि प्रशिक्षक स्वतः विमान कंपनीत नोकरी लागताच निघून जातात. त्यामुळे संस्थेला विचारायचा प्रश्न असा : गेल्या वर्षी तुमच्या एकूण उड्डाण-तासांना विद्यार्थिसंख्येने भागले तर महिन्याला किती तास येतात? उत्तर टाळले तर ते उत्तरच समजा. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे, ती पाहून ठेवा, पण एखाद्या दिवशी स्वतः जाऊन तळावर सकाळी सहा ते दहा उभे राहा. किती विमाने बाहेर निघतात ते मोजायला शिफारस लागत नाही.

आपल्याकडे दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ आणि मोपा प्रवासी वाहतुकीचा, त्यामुळे गोव्यातील मुले शिकायला बाहेर जातात. बेळगाव जवळ आहे म्हणून घरच्यांचा कल तिकडे असतो. जवळ असणे ही सोय आहे, ती निकष होऊ नये. आठवड्याला घरी जाता येईल या हिशेबाने येणाऱ्यांची उड्डाणे शनिवारी-रविवारीच बुडतात.

शुल्क एकरकमी भरू नका. तासांच्या टप्प्यांनुसार हप्ते ठरवून घ्या, आणि मधेच सोडल्यास न वापरलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील हे लेखी घ्या. माझ्याच ओळखीतल्या एकीचे पैसे या एका ओळीच्या अभावी दीर्घकाळ अडकले.

जमाखर्च

राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो आहे. शैक्षणिक कर्जांचे टेबल बरीच वर्षे माझ्याकडे होते. मूळ प्रश्नातील ‘कर्ज’ या शब्दावर कोणी काही लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो.

हल्ली देशातल्या देशात परवाना काढायचा खर्च राहणे-खाणे धरून ५० लाखांच्या आसपास किंवा वर जातो आणि विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेचा, म्हणजे टाइप रेटिंगचा, खर्च त्याहून वेगळा असतो. बँकांच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज मालमत्ता गहाण न ठेवता मिळू शकते, त्यापुढे तारण लागते. म्हणजे तुमच्या बाबतीत तारण आलेच, आणि गोव्यात तारण म्हटले की इतर राज्यांतल्या मार्गदर्शकांना ठाऊक नसलेल्या गोष्टी सुरू होतात.

घर ‘वडिलोपार्जित’ आहे असे तुम्ही लिहिले आहे. ते आज कोणाच्या नावावर आहे? एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीवर) आजोबांचे नाव असेल, तर बँकेच्या वकिलापुढे प्रकरण जाताच तो वारसा दस्त किंवा इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांतील वाटणीचा, न्यायालयीन निवाडा मागेल. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आलेली आहे. विवाहाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि स्थावर गहाण ठेवायला दोघांच्या सह्या लागतात. वडिलांकडून आलेली मिळकतही त्या सामाईकतेत येत असल्यामुळे भाऊ-बहिणींबरोबर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. एक भावजय लिस्बनला, एक मेहुणा कुवेतला, अशी परिस्थिती असेल तर मुखत्यारपत्रे गोळा करण्यातच वर्ष निघते. जमीन कोमुनिदादीची (गावाच्या सामुदायिक संस्थेची) असेल किंवा घर मुंडकारी, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचे, असून खरेदी प्रमाणपत्र घेतलेले नसेल, तर बँक ते तारण म्हणून घेणार नाही. म्हणून माझ्या मते वैद्यकीय तपासणीच्या बरोबरीने, त्याच आठवड्यात, घराची कागदपत्रे वकिलाला दाखवावीत. ही दोन कामे एकमेकांना अडवत नाहीत.

आता हप्ता. ५० लाख रुपये, ११ टक्के व्याज आणि १० वर्षांची परतफेड धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ६९ हजार रुपये येतो. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होते, पण व्याज पहिल्या उचलीपासून चढत असते. या मधल्या काळात पत्नीच्या पगारातून निदान व्याज भरता आले तर मुद्दल फुगत नाही. आणखी एक बारीक गोष्ट : डीजीसीए-मान्य संस्थेच्या मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमाला जीएसटीतून सूट असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट करण्यात आले आहे. शुल्कपत्रकात १८ टक्के दिसले तर ते कशावर लावले आहेत, असे नम्रपणे विचारावे. ५० लाखांवर तो आकडा ९ लाखांचा आहे.

मांडवीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. जमाखर्च यांनी विचारले ते अगदी खरे निघाले. घर आजही आजोबांच्या नावावर आहे आणि वडिलांना तीन भावंडे आहेत, त्यांपैकी एक आत्या मुंबईला असते. वकिलांना उद्याच फोन करतो.

दोन प्रश्न अजून आहेत. परदेशात कमी वेळात परवाना मिळतो असे ऐकतो, त्यात किती तथ्य आहे? आणि विमान कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजना आहेत, त्यांत शुल्क कोटीच्या घरात जाते पण नोकरीची हमी असते असे सांगतात. इंडिगोने २०२३ मध्ये एकाच वेळी ५०० विमानांची मागणी नोंदवली, एअर इंडियाने त्याच वर्षी ४७० विमानांची. मग नोकऱ्यांचा तुटवडा येईल कसा?

उजवी खुर्ची

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर सर्वांत कमी प्रामाणिकपणे बोलले जाते, म्हणून सविस्तर लिहितो.

परदेशात हवामान आणि विमानांची उपलब्धता यांमुळे तास लवकर पूर्ण होतात हे खरे आहे. परंतु परत आल्यावर तो परवाना भारतीय परवान्यात बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात आणि इथे विमानावर कौशल्य चाचणीही होते. लेखी परीक्षा आधीच उत्तीर्ण होऊन गेलेल्यांचा वेळ खरोखर वाचतो. परत आल्यावर अभ्यासाला बसणाऱ्यांचा वाचलेला वेळ इथे पुन्हा खर्च होतो. म्हणजे देशात शिका किंवा परदेशात, परीक्षा आधी देण्याचा क्रम बदलत नाही.

आता नोकरीविषयी. कंपनीने मागवलेली विमाने दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने येतात. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले, तो तोपर्यंतचा उच्चांक होता. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात गो फर्स्टची विमाने जमिनीवर आली. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज, २०१२ मध्ये किंगफिशर. कंपनी बंद पडली की हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक बाजारात येतात आणि २०० तासांचा नवा परवानाधारक रांगेत मागे ढकलला जातो. मी स्वतः परवाना हातात घेऊन बराच काळ घरी बसलो होतो, आणि तो काळ करोनाचाही होता.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा ‘देशात वैमानिकच नाहीत’ असे सगळीकडे छापून आले. कोणता वैमानिक नाही, हे त्यात सांगितलेले नव्हते. विमानाला कॅप्टन लागतो. कॅप्टनला एटीपीएल, म्हणजे व्यावसायिक परवान्याच्या वरचा परवाना, लागतो, त्यासाठी १,५०० तास लागतात आणि प्रत्यक्षात कंपन्या त्याहून अधिक अनुभव मागतात. तुमच्या हातातला २०० तासांचा परवाना ती जागा भरू शकत नाही. टंचाई वरच्या पायरीवर आहे, गर्दी खालच्या पायरीवर आहे, आणि प्रशिक्षण संस्थांच्या जाहिराती वरच्या पायरीचे आकडे दाखवून खालच्या पायरीची जागा विकतात.

म्हणून हिशेब करताना परवाना मिळाल्यापासून पहिला पगार येईपर्यंतचा काळ हा स्वतंत्र खर्च धरा. परवाना स्वतः आता १० वर्षांसाठी दिला जातो, पण त्यातली उपकरण-उड्डाणाची पात्रता नियमितपणे नवी करावी लागते, वैद्यकीय तपासणी चालूच राहते आणि अलीकडच्या उड्डाणाचा अनुभव मागितला जातो. नोकरी नसलेल्या वैमानिकाला केवळ पात्र राहण्यासाठी पैसे खर्चावे लागतात, ही बाब कोणत्याही माहितीपत्रकात नसते. माझ्या मते एक ते दीड वर्षाचा घरखर्च, व्याज आणि नूतनीकरण एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

टाइप रेटिंग स्वतःच्या पैशांनी, नोकरी हाती नसताना, मुळीच करू नका. ए३२० चे रेटिंग घेतले आणि बोलावणे एटीआर ही वेगळ्या प्रकारची विमाने चालवणाऱ्या कंपनीकडून आले, तर ते पैसे गेले. बोलावणे येईल तेव्हा करा.

कॅडेट योजनेविषयी माझे मत थोडे वेगळे पडेल. ती महाग आहे, पण निवड आधी होते आणि शिक्षण नंतर, एवढाच तिचा खरा फायदा. ‘हमी’ हा शब्द करारात शोधा. बहुतेक ठिकाणी तो सशर्त असतो आणि कंपनीच्या गरजेवर अवलंबून असतो. तरीही आधी चाळणी लागणे तुमच्यासारख्या संसारी माणसाला उपयोगी आहे. निवड झाली नाही तर तुम्ही परीक्षेचे शुल्क गमावता, घर गमावत नाही.

जमाखर्च

कॅडेट योजनेबाबत मी असहमत आहे. कोटीच्या घरातले कर्ज म्हणजे हप्ता जवळजवळ दुप्पट, आणि तारणही त्याच प्रमाणात मोठे. निवड आधी झाली तरी मधल्या दोन वर्षांत कंपनीचे धोरण बदलले तर धोका पूर्ण कर्जदाराच्या डोक्यावर असतो. करारातील सशर्त शब्द मी पाहिलेले आहेत. एकत्र कुटुंबाच्या घरावर एवढा बोजा चढवताना इतर वारसांनी का म्हणून सही करावी, याचेही उत्तर तुमच्याकडे असले पाहिजे.

रात्रपाळी

माझे यजमान वैमानिक आहेत आणि आम्ही म्हापशाला राहतो. इथे खर्च आणि परीक्षा यांवर भरपूर लिहिले गेले आहे. घरात काय होते ते मी लिहिते.

पहिल्या नोकरीत तळ कुठला मिळेल हे आपल्या हातात नसते. गोव्याचा माणूस म्हणून मोपा मिळेल, असे कोणी समजू नये. फ्लाय ९१ ही गोव्यात मुख्यालय असलेली कंपनी मार्च २०२४ पासून मोप्यावरून एटीआर ७२-६०० विमाने उडवते आहे, त्यामुळे इथे घर ठेवून वैमानिकी करण्याची एक शक्यता निर्माण झाली खरी, पण छोट्या कंपनीत जागाही मोजक्याच असतात. आमचा सुरुवातीचा काळ दिल्लीत गेला. माझी नोकरी म्हापशात आणि त्यांचे वेळापत्रक महिन्याच्या अखेरीस कळणारे, अशी आमची तारेवरची कसरत होती. गणेश चवथीला पाच दिवस घरी असणे हे आमच्याकडे आता गृहीत धरलेले नसते. गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला दीर येतात.

नवीन नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, ही चांगली गोष्ट आहे. तरी पहाटेच्या उड्डाणासाठी रात्री दोनला उठणारा माणूस घरात असला की सगळ्या घराचे घड्याळ बदलते. मांडवीकाठ, तुमच्या पत्नीची संमती आहे असे तुम्ही लिहिले आहे. ती संमती प्रशिक्षणाच्या दोन वर्षांची आहे, की त्यानंतरच्या परगावच्या तळाचीही आहे, हे एकदा शांतपणे विचारून घ्या. मुलगी तोवर पहिली-दुसरीत गेलेली असेल.

तारवटी

रात्रपाळी यांच्या लिखाणाशी पूर्ण सहमत. जहाजावरच्यांच्या घरी हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे, फक्त आमचे करार सहा महिन्यांचे असल्यामुळे निदान तारखा आधी कळतात.

थोडे अवांतर विचारतो. माझ्या भाच्याने बारावी वाणिज्य शाखेतून केली आहे. त्याला हा मार्ग बंदच का?

घाटमाथा

बंद नाही. माझीही वाणिज्य शाखाच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून भौतिकशास्त्र आणि गणित हे बारावीचे दोन विषय वेगळे देता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा होतात. भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिके असतात, ती टाळता येत नाहीत. संगणक क्रमांकासाठी त्या गुणपत्रिकेचीही पडताळणी लागते, ती निकाल लागताच मागवावी.

मांडवीकाठ

पत्नीशी बोललो. परगावच्या तळाचा विचार आम्ही दोघांनीही केलेला नव्हता. तिचे म्हणणे असे की बदली मिळणार नाही, म्हणून मुलगी आणि ती फोंड्यालाच राहतील आणि मी ये-जा करीन; हे तिला चालेल, मात्र घर पूर्णपणे गहाण टाकायला तिचा विरोध आहे. त्यामुळे कर्जाची मर्यादा आता घराच्या किमतीवर न ठरता आमच्या दोघांच्या बचतीवर आणि तिच्या पगारातून भरता येईल एवढ्या व्याजावर ठरेल. याचा अर्थ मला कदाचित आणखी दोन वर्षे नोकरी करून रक्कम जमवावी लागेल, म्हणजे उड्डाण पस्तिशीच्या आसपास सुरू होईल. ते मला मान्य आहे. लेखी परीक्षा त्याच काळात देईन, पण निकालांना मुदत असते हे लक्षात घेऊन अगदी लगेच सर्व विषय देणार नाही. नौकानयन आणि हवामानशास्त्र आधी, बाकीचे नंतर. कॅडेट योजनेच्या वादात मी तूर्तास जमाखर्च यांच्या बाजूने आहे. जूनची जागा नको असल्याचे संस्थेला आज कळवले आहे.

एक शेवटची शंका. लहानपणी, सातव्या-आठव्या वर्षापर्यंत, मला दम्याचा त्रास होता आणि बांबोळीला एकदा दाखल केले होते. गेली वीस-बावीस वर्षे काहीही औषध नाही. वर्ग २ च्या अर्जात हे लिहावे का? एका मित्राचे म्हणणे आहे की विचारले नाही तर सांगू नये.

उजवी खुर्ची

अर्जात पूर्वीच्या आजारांचा स्पष्ट रकाना असतो आणि खाली तुमची सही असते, त्यामुळे ‘विचारले नाही’ असे म्हणताच येत नाही. लिहा. माहिती दडवल्याचे पुढे उघड झाले तर परवान्यावर कारवाई होऊ शकते, आणि तेव्हा तुमच्या डोक्यावर कर्जही असेल. निर्णय तपासणी करणारे डॉक्टर घेतील. ते बहुधा फुफ्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी करायला सांगतील. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभिलेख विभागात जुना दाखला मिळतो का ते पाहा. नाही मिळाला तर छातीविकार तज्ज्ञाकडून सध्याच्या स्थितीचा अहवाल आणि फुफ्फुसांची चाचणी आधीच करून घ्या, आणि दोन्ही कागद सोबत घेऊनच वर्ग २ ची वेळ ठरवा.